आधी काहीच नाही, मग सगळं एकदम

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात सिकलसेलची पहिली तपासणी होते ती एका छोट्या काचनळीत. नळीत तयार द्रावण असतं. बोटाला सुई टोचून काढलेलं किंचित रक्त त्यात सोडायचं, नळी हलवायची, काही मिनिटं थांबायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर माणूस मोकळा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर त्याचं नाव पुढच्या यादीत जातं. मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून ठरतं की हा ‘एएस’, म्हणजे वाहक, की ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. आशाताईंना हे सगळं तोंडपाठ असतं.

आता त्या गढूळपणाकडे जरा बघू. द्रावणातलं एक रसायन रक्तपेशी फोडतं, दुसरं सगळा ऑक्सिजन हिरावून घेतं. ऑक्सिजन गेला की सिकलसेलच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरघळलेलं राहायला तयार नसतं. त्याचे रेणू एकमेकांना बिलगतात, पुंजके होतात, प्रकाश अडतो. आशाताईंच्या हातात असतो तो म्हणजे प्रथिनाचे रेणू डोळ्यांदेखत एकमेकांना चिकटण्याचा प्रयोग.

स्मृतिभ्रंशाच्या मुळाशी जाऊ पाहणाऱ्या प्रयोगशाळांतही नेमकं हेच चाललेलं असतं. प्रथिन वेगळं, यंत्रं महागडी, पण पद्धत तीच: प्रथिनाचं स्वच्छ द्रावण घ्या, थांबा, आणि ते कधी बदलतं ते बघा. हे नुसतं दिसायला सारखं आहे असं कुणी म्हणेल. मला थक्क करते ती पुढची गोष्ट. सिकलसेलचं हिमोग्लोबिन कसं गोठतं याचं जे गणित १९७० आणि ८०च्या दशकांत मांडलं गेलं, त्याच गणिताने पुढे अल्झायमरच्या रेणूचं कोडं उलगडायला सुरुवात झाली. आपल्याकडे पावरा आणि भिल्ल वस्त्यांत घरटी माहीत असलेल्या आजाराने जगाला स्मृतिभ्रंशाकडे बघायची एक दृष्टी दिली आहे, आणि हे आपल्याला फारसं कुणी सांगितलेलं नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो: सिकलसेलच्या वाहकाला म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. आजार दोन, प्रथिनं दोन, अवयवही दोन. सारखी आहे ती चिकटण्याची रीत.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०११च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के आदिवासी. महाराष्ट्रातल्या सिकलसेलचा नकाशा ज्यांनी आयुष्य घालून तयार केला, त्या पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांच्या पाहणीत वाहकांचं प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे २० ते ३५ टक्के, आढळलं ते भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर या जमातींत. पाच माणसांत एक वाहक, कुठे तीनांत एक! इतकं घातक जनुक इतकं पसरलं कसं, याचं उत्तर मलेरिया. वाहकाला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. डासांच्या मुलखात जनुकातलं ते बदललेलं अक्षर टिकून राहिलं.

‘अक्षर’ म्हटलं ते अगदी खरं आहे. ते कुणाला सापडलं, याची गोष्ट दोन तरुणांची आहे.

पहिला हार्वे इटानो. अमेरिकेत जन्मलेला, आईवडील जपानी. १९४२ साली बर्कलेला विद्यापीठातला सर्वोत्कृष्ट विद्यार्थी म्हणून पदक त्याला जाहीर झालं, पण पदवीदान समारंभाला तो हजर नव्हता. युद्ध सुरू होतं आणि जपानी वंशाच्या नागरिकांना सरकारने छावण्यांत डांबलं होतं. इटानो त्यातलाच एक. पुढे त्याला वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर पडू दिलं. डॉक्टर होऊन तो कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग यांच्याकडे पीएचडीला गेला. पॉलिंग यांच्या डोक्यात एक शंका घोळत होती: सिकलसेलमध्ये बिघाड पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच असेल तर? इटानोने दोन्ही हिमोग्लोबिनं विजेच्या क्षेत्रात ठेवली. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. वाहकांच्या रक्तात तर दोन्ही प्रकार एकत्र सापडले. नोव्हेंबर १९४९मध्ये ‘सायन्स’मध्ये निबंध आला आणि त्यात सिकलसेलला चक्क ‘रेणूचा आजार’ म्हटलं होतं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत बोट ठेवून दाखवण्याची ही पहिलीच वेळ. इटानो तेव्हा २९ वर्षांचा होता. आज जिल्हा रुग्णालयात एएस-एसएस ठरवायला जी इलेक्ट्रोफोरेसिस करतात, ती तत्त्वतः त्याचाच प्रयोग.

दुसरा व्हर्नन इनग्रॅम, जर्मनीतून लहानपणी पळून आलेला, केंब्रिजमध्ये काम करणारा. त्याने हिमोग्लोबिनचे एंझाइमने तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. सगळे ठिपके दोन्ही रक्तांत जागच्या जागी. एकच ठिपका सरकलेला. १९५७पर्यंत त्याने तो ठिपका उकलला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन बसलेलं. बाकी १४५ जशीच्या तशी. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाणी टाळणारं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि त्याच्या अंगावर एक छोटीशी तेलकट खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खोबणीत जाऊन बसतं. एक बसलं की दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. १४ पदरी दोर तयार होतो, पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, तेव्हा दोराला माल कमी पडत नाही. पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि माणूस हाडं फुटल्यासारख्या वेदनेने तळमळतो.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. पुढची क्वचितच असते.

मेरीलंडमधल्या बेथेस्डाच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिश्टर यांनी १९७४ साली एक साधा प्रश्न विचारला: ऑक्सिजन काढून घेतल्यावर हिमोग्लोबिन गोठायला किती वेळ लागतो? त्यांना दिसलं ते चमत्कारिक होतं. द्रावण आधी जसंच्या तसं राहतं. काहीच घडत नाही. घड्याळ पुढे सरकतं, काहीच घडत नाही. आणि मग बघता बघता सगळं गोठतं. नेहमीच्या रासायनिक क्रिया सुरुवातीला जोरात असतात आणि पुढे मंदावतात, इथे उलटंच. शिवाय हा विलंब हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून होता. तो दाटपणाच्या साधारण तिसाव्या घाताने कमी होत होता. वर्ग नाही, घन नाही, तिसावा घात! रसायनशास्त्रात असला आकडा सहसा बघायला मिळत नाही. हिशेब करून बघा: दाटपणा एक दशांशाने वाढला, तर विलंब सतरा पटींनी घटतो. जिवंत पेशीतलं हिमोग्लोबिन फार दाट असतं, तिथे हा घात निम्म्याजवळ येतो. तरी चौपटीचा फरक पडतोच.

आता आशाताई सिकलसेलच्या रुग्णाला काय सांगतात ते आठवा: पाणी भरपूर प्या, उन्हात राबू नका, ताप-जुलाब अंगावर काढू नका. ऐकायला हा सल्ला आजीबाईच्या बटव्यातला वाटतो. पण त्याच्या मागे तो तिसावा घात आहे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेला पावरा तरुण उन्हात पाण्याविना राबला की त्याच्या लाल पेशीतलं पाणी थोडंसं कमी होतं. थोडंसंच. विलंबाचं घड्याळ मात्र कितीतरी पटींनी पुढे पळतं. लाल पेशीला केशवाहिनीतून निघायला साधारण सेकंदभर लागतो आणि फुप्फुसात परत येऊन ऑक्सिजन घ्यायला दहा-पंधरा सेकंद. गोठण्याचा विलंब त्याहून मोठा असला तर पेशी निसटते, छोटा असला तर अडकते. वाहकाच्या पेशीत बिघडलेलं हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी, त्यामुळे विलंब इतका लांब की पेशी दर फेरीत सुखरूप घरी पोचते. म्हणून वाहक धडधाकट. रुग्णाला दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरियाही हेच करतं: गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवून बिघडलेल्याला पातळ करतं आणि पेशीला काही सेकंद मिळवून देतं. आजार असणं-नसणं हे सेकंदांवर ठरतं, ही कल्पनाच मला अजून नीट पचलेली नाही.

पण मुळात विलंब का? आणि नंतर इतकी घाई का? या प्रश्नाचं उत्तर ईटन, हॉफ्रिश्टर आणि फ्रँक फेरोन यांनी १९८५पर्यंत पक्कं केलं. त्यांचा प्रयोग देखणा होता. हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटवून ठेवला की ते गोठत नाही. एका बारीक ठिपक्यावर लेसरचा झोत टाकला की वायू सुटतो आणि तेवढंच हिमोग्लोबिन गोठू लागतं. झोत बंद केला की पुन्हा विरघळतं. मनाला येईल तेव्हा सुरू, मनाला येईल तेव्हा बंद. त्यातून कळलं ते असं. दोन-चार रेणू एकत्र आले तर ते लगेच सुटतात. बरेचसे एकाच वेळी योगायोगाने जुळून आले तरच पहिलं बीज टिकतं, आणि असा योग फार दुर्मीळ. म्हणून विलंब. पण एकदा पहिला दोर तयार झाला की त्याच्या अंगावरच नवी बीजं धरू लागतात. खडीसाखरेच्या पाकात दोरा सोडल्यावर खडे दोऱ्यावर धरतात तसं, फक्त इथे दोरा स्वतः साखरेचाच असतो आणि प्रत्येक नवा खडा पुढच्याचा दोरा होतो. दोरामुळे बीज, बीजामुळे दोर. म्हणून घाई. याला त्यांनी नाव दिलं दुहेरी बीजधारणा.

हे गणित बरीच वर्षं रक्ताच्या अभ्यासकांपुरतंच राहिलं.

तिकडे मेंदूची गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहिता लिहिता विसरायला होत असे. तिच्यावर उपचार करणारे अलोइस अल्झायमर तेव्हा ३७ वर्षांचे होते. १९०६मध्ये ती वारली, त्यांनी मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत गुंतलेल्या तंतूंच्या गाठी, असं दोन्ही त्यांना दिसलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्यांनी ते मांडलं आणि सभेत कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

डाग कशाचे, हे कळायला पाऊण शतक गेलं. आधी उपयोगी पडला तो कापडाचा रंग. काँगो रेड हा १८८४ साली सुती कापड रंगवायला निघाला, आणि तो मेंदूतल्या डागांनाही धरतो. ध्रुवीकृत प्रकाशात हिरवट चमकतो. १९८४ साली जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी डागातलं प्रथिन वेगळं काढलं. ते आज बीटा अमायलॉइड म्हणून ओळखलं जातं. (ग्लेनर यांचा १९९५ साली मृत्यू झाला तो हृदयात दुसऱ्याच एका प्रथिनाचं अमायलॉइड साचून. असले योगायोग कादंबरीत कुणी खपवून घेणार नाही.) हे प्रथिन फार छोटं असतं: एका मोठ्या प्रथिनाला दोन ठिकाणी कात्री लागून पडलेला ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा. तुमच्या-माझ्या मेंदूत तो आत्ताही तयार होतोय आणि वाहून जातोय. ४० वाला बराच शहाणा. ४२ वाल्याच्या शेपटाला दोन जादा अमिनो आम्लं, दोन्ही पाणी टाळणारी, आणि तेवढ्याने तो कितीतरी जास्त चिकट.

सिकलसेलमध्ये १४६ पैकी एक, इथे दोन. उलटही घडतं. आइसलंडमध्ये काही थोड्या लोकांत त्या मोठ्या प्रथिनातलं एक अक्षर असं बदललेलं आहे की कात्री नीट लागत नाही, तुकडे कमी पडतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हे लोक अल्झायमरपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. एका अक्षराने सातपुड्यात मलेरिया अडवला आणि पुढच्या पिढीत आजार दिला. एका अक्षराने आइसलंडच्या म्हाताऱ्यांची आठवण राखली.

तुकडा सापडला, पण तो गोठतो कसा हे मोजायचं म्हटलं की प्रयोगच हाताला लागत नसे. सोमवारी एक उत्तर, मंगळवारी दुसरं. ज्या क्रियेची सुरुवात एका दुर्मीळ बीजावर ठरते, तिथे द्रावणात आधीच एखादा बारीकसा पुंजका शिल्लक असला तरी सगळं बिघडतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या सारा लिन्से यांनी प्रथिन इतकं शुद्ध करायचा ध्यास घेतला की दर प्रयोगातल्या गोठण्याच्या वक्ररेषा एकावर एक तंतोतंत बसू लागल्या. हे काम २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. विज्ञानाच्या बातम्यांत शुद्धीकरणाला कुणी मथळा देत नाही. माझ्या मते या सगळ्या कथेतलं सर्वांत धीराचं काम हेच.

मग त्या वक्ररेषा केंब्रिजच्या ट्युओमास नोल्स यांच्या गटाकडे आल्या. त्यांनी तंतू वाढण्याची समीकरणं कागदावर सोडवायची रीत आधीच, २००९मध्ये, शोधून ठेवली होती. २०१३ साली तरुण संशोधक सॅम्युएल कोहेन याचं पहिलं नाव असलेला निबंध आला. निष्कर्ष वाचून ईटन आणि फेरोन यांना काय वाटलं असेल! बीटा अमायलॉइडचे नवे पुंजके मुख्यतः तयार होतात ते आधीच्या तंतूंच्या पृष्ठभागावर. रक्तात जे चालतं, तेच. फक्त सेकंदांच्या जागी वर्षं. मेंदूत अमायलॉइड साचायला सुरुवात होते ती विस्मरण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. चष्मा कुठे ठेवला हे आज न आठवणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या डोक्यात पहिली बीजं कदाचित पन्नाशीतच धरली असतील.

याने एक जुनं कोडं सुटायला मदत झाली. अनेक म्हाताऱ्यांच्या मेंदूत डाग भरपूर असतात आणि स्मृती शाबूत. मग डाग निरुपद्रवी का? बहुतेक खरी विषारी वस्तू म्हणजे तंतू होण्याआधीचे छोटे, भटके पुंजके. मोठा तंतू स्वतः सुस्त पडून असतो, पण त्याच्या अंगावर हे पुंजके जन्म घेत राहतात. मग त्यांचा जन्मच रोखता येईल का? शरीरात ब्रिकोस नावाचा एक प्रथिनाचा भाग आहे. त्याचा एक प्रकार फुप्फुसातल्या एका प्रथिनात असतो, तिथलं चिकट प्रथिन गोठू नये म्हणून. कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवलं की हा ब्रिकोस अमायलॉइडच्या तंतूंना बाहेरून लपेटतो, नव्या बीजांना जागाच उरत नाही, आणि विषारी पुंजके घटतात. फुप्फुसाचा राखणदार मेंदूच्या प्रथिनाला आवर घालतो!

आपल्याकडेही या चिकटण्यावर डोळे लावून बसलेली माणसं आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने हे छोटे पुंजके पेशीच्या आवरणाला चिकटल्यावर कोणता आकार घेतात ते तपासलं. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांची प्रयोगशाळा आहे. तिथला तेव्हाचा पीएचडीचा विद्यार्थी सौमिक राय आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’त दाखवलं की पार्किन्सन आणि एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाशी जोडलेलं अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन गोठण्याआधी द्रवाचे थेंब करतं. पाण्यातच वेगळे, दाट थेंब. थेंबाच्या आत रेणूंची गर्दी, आणि गर्दी म्हणजे दाटपणा. दाटपणा वाढला की विलंबाचं काय होतं ते आपण पाहिलंच. माजी यांचंच त्याआधीचं, २००९चं एक काम मला जास्त आवडतं: पिट्युटरी ग्रंथीत आपले कित्येक हॉर्मोन चक्क अमायलॉइडच्या रूपात साठवलेले असतात आणि गरज पडली की सुटतात. म्हणजे शरीराला हे दोर वळायची कला पूर्वीपासून येते. मेंदूतल्या डागांत काय चुकतं, तर सोडवायची वाट सापडत नाही.

हे सगळं ऐकून अमायलॉइड हाच एकमेव गुन्हेगार असं वाटेल. तसं सगळ्यांना पटलेलं नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडला काम करणाऱ्या संजय पिंपळीकर यांनी २००९मध्ये सविस्तर लेख लिहून विचारलं की पुरावा एवढा एकतर्फी आहे का, आणि आपण सगळे पैसे एकाच घोड्यावर तर लावत नाही ना. त्यांचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. पेशींच्या आतल्या गाठी, म्हणजे टाऊ नावाच्या प्रथिनाच्या, विस्मरणाशी डागांपेक्षा जास्त जुळतात. लेकॅनेमॅब या औषधाची चाचणी १,७९५ रुग्णांवर दीड वर्ष झाली. ते अमायलॉइडचे छोटे, लांबट पुंजके पकडतं. मेंदूतलं अमायलॉइड भराभर उतरलं. ऱ्हासाचा वेग मात्र २७ टक्क्यांनीच कमी झाला, आणि काहींच्या मेंदूत सूज व रक्तस्राव दिसला. २०२३मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ऱ्हास थांबत नाही, मंदावतो.

सिकलसेलवाल्यांना ही निराशा ओळखीची आहे. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावणारं व्होक्सेलोटर हे औषध २०१९मध्ये आलं, कल्पना अगदी रेणूतून निघालेली. रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलं, पण वेदनेचे झटके अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत, आणि सप्टेंबर २०२४मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. रेणू कळला म्हणजे आजार हातात आला, असं नसतं; पहिला ‘रेणूचा आजार’ जाहीर होऊन पंचाहत्तर वर्षं झाली तरी नाही. तरी सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सियुरिया आहे, पाणी आहे, विलंब लांबवायची साधनं आहेत. स्मृतिभ्रंशात विलंब मुळातच दशकांचा. तो आणखी आठ-दहा वर्षांनी लांबला, तर पुष्कळांचं आयुष्य त्याच्या आतच सुखाने पुरं होईल. म्हणून संशोधक आता आजार ‘बरा’ करण्यापेक्षा पहिल्या बीजांना उशीर कसा करायचा यामागे जास्त आहेत.

आणि उशीर करायचा तर आधी कुणाला होतोय ते कळायला हवं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीची स्मृती तपासायची कशी, हा प्रश्न हरयाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी सोडवला होता. परदेशी चाचणीतला इंग्रजी शब्द उलटा लिहायचा प्रश्न काढून त्यांनी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितलं. वाचून डोळे मिटायच्या आज्ञेऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’. वाक्य लिहा याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’. चाचणी हिंदीत होती. नंदुरबारमध्ये ती पावरी, भिली, मावची, अहिराणी आणि गुजरीत बसवावी लागेल, आणि त्यासाठी लेसर लागत नाही. लागतो तो आठवडे बाजाराच्या हिशेबाने वार मोजणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलायला मोकळा वेळ, आणि त्यांची भाषा येणारं माणूस. सिकलसेलची नळी घेऊन पाड्यापाड्यावर फिरणाऱ्या आशाताईंना दोन्ही गोष्टी आधीच जमतात.